इंग्रजीतील मोठे अक्षर : केव्हा आणि का?



स्मरणिकेत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासाचा लेख असावा, या हेतूने आम्ही प्रस्तुत विषय निवडला आहे. विषय वरकरणी अगदी किरकोळ वाटेल. इंग्रजी लिहिताना कोणत्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे, म्हणजे कॅपिटल, काढावे आणि कोणत्या शब्दाचे लहान ठेवावे, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींचे अर्ज आणि निबंध तपासताना आमच्या असे निदर्शनास आले आहे की, स्पेलिंग बरोबर, व्याकरणही बहुतेक बरोबर, आणि तरीही कागद हातात घेताच लिहिणारा कच्चा वाटतो, त्याचे कारण पुष्कळदा ही मोठी-लहान अक्षरेच असतात.

याबाबत आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. मास्तरांनी चार लिप्या गिरवून घेतल्या. मोठी अक्षरे कशी काढायची ते आले, पण ती केव्हा वापरायची हे कोणी शिकवले नाही. पुढे मॅट्रिक झाल्यावर एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी आम्ही स्वतःच्या हाताने फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला. घरी शिकवण होती की थोरांना अहो-जाहो करावे आणि स्वतःला लहान समजावे. म्हणून साहेबांना उद्देशून असलेला 'यू' आम्ही प्रत्येक ठिकाणी मोठ्या 'वाय'ने लिहिला, आणि 'मी' या अर्थाचा 'आय' नम्रतेने लहान काढला. हेडक्लार्कने तांबड्या पेन्सिलीने एकेका अक्षराभोवती गोल केले, अर्ज मोठ्याने वाचून दाखवला आणि सारी खोली हसली. ती नोकरी हुकली ते आम्ही कधीच विसरलो. पण नेमके काय चुकले हे त्या खोलीतल्या एकानेही सांगितले नाही, ते अजून विसरलो नाही. जे तेव्हा कोणी सांगितले नाही, ते या लेखात सांगत आहोत.

आपल्या लिपीत हा भेद नाही

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही चूक बुद्धीची नाही, सवयीची आहे. देवनागरीत मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे अक्षर नाही. 'नागपूर' मधला 'ना' आणि 'नाक' मधला 'ना' एकच. सम्राट अशोकाच्या ब्राह्मी शिलालेखांतही नाव आणि साधा शब्द यांच्या अक्षरांत फरक नाही. त्यामुळे मराठी वाचणाऱ्या डोळ्याला हा भेद पाहण्याची सवयच नसते.

रोमन लिपीतही आरंभी एकच प्रकार होता. रोमन लोक दगडावर जी अक्षरे कोरीत ती आजची मोठी अक्षरे होत. पुढे हाताने भरभर लिहिताना अक्षरे गोल आणि लहान होत गेली. आठव्या-नवव्या शतकात, युरोपात शार्लमेन राजाच्या काळात, लहान अक्षरांचे सुबक वळण रूढ झाले आणि मग दोन्ही प्रकार एकाच पानावर नांदू लागले. छापखाने आल्यावर खिळे ठेवण्याच्या लाकडी पेट्या दोन झाल्या. वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत लहान. म्हणूनच इंग्रजीत मोठ्या अक्षरांना 'अपर केस' आणि लहान अक्षरांना 'लोअर केस' म्हणतात. 'केस' म्हणजे ती पेटी.

मूळ सूत्र

नियम पुष्कळ आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच सूत्र आहे. शब्द लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे : हे कोणाचे तरी नाव आहे, की त्या जातीच्या कोणत्याही वस्तूला लागू पडणारा शब्द आहे? नाव असेल तर मोठे अक्षर. सर्वांना लागू पडणारा शब्द असेल तर लहान अक्षर. 'रिव्हर' म्हणजे नदी, कोणतीही नदी. म्हणून 'आर' लहान. 'गोदावरी' ही एकच. म्हणून 'जी' मोठा. आपण व्याकरणात विशेषनाम आणि सामान्यनाम शिकतो तोच हा भेद आहे. मराठीत तो मनात ठेवावा लागतो, इंग्रजीत तो कागदावर दाखवावा लागतो.

यावरून आमच्या अर्जातली चूक कळेल. इंग्रजीत मोठे अक्षर हे 'साहेब' किंवा 'जी' यांच्यासारखे आदराचे चिन्ह नाही. समोरचा माणूस कितीही मोठा असला तरी वाक्याच्या मध्ये 'यू' लहान 'वाय'नेच लिहावा. 'आय' मात्र नेहमी मोठा. यात इंग्रजांचा गर्व शोधण्याचे कारण नाही. हाताने लिहिण्याच्या काळात एकटे लहान अक्षर ओळीत हरवून जाई, म्हणून ते उंच काढण्याची पद्धत पडली आणि ती टिकली. तेव्हा स्वतःसाठी मोठा 'आय' लिहिताना संकोच करू नये.

नेहमी लागणारे नियम

१) प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू करावा. अवतरणचिन्हात कोणाचे पूर्ण वाक्य दिले असेल तर त्याचाही पहिला शब्द तसाच.

२) माणसांची नावे, आडनावे आणि आद्याक्षरे मोठी. 'बी. आर. आंबेडकर' मधला 'बी', 'आर' आणि 'ए' तिन्ही मोठे.

३) देश, राज्य, गाव, नदी, डोंगर, रस्ता यांची नावे मोठी. नावात सामान्य शब्द सामील असेल तर तोही मोठा. 'दादर स्टेशन' मध्ये 'डी' आणि 'एस' दोन्ही मोठे, पण 'मी स्टेशनवर गेलो' या वाक्यात 'स्टेशन' लहान.

४) वार, महिने आणि सण मोठे. ऋतू लहान. 'ऑक्टोबर' चा 'ओ' मोठा. उन्हाळ्याचा 'समर' आणि हिवाळ्याचा 'विंटर' लहान. येथे फार चुका होतात.

५) भाषा, राष्ट्रीयत्व आणि धर्म यांची नावे व त्यांपासून झालेली विशेषणे मोठी. इंग्लिश, मराठी, पाली, इंडियन, बुद्धिस्ट हे शब्द कोठेही आले तरी मोठ्या अक्षराने. इतिहास, गणित, विज्ञान हे विषय मात्र लहान, कारण ती नावे नसून ज्ञानाच्या शाखा आहेत. प्रश्नपत्रिकेचे अधिकृत शीर्षक लिहायचे असेल तेव्हा ते मोठे होतात.

६) संस्थांची पूर्ण नावे मोठी. 'पीपल्स एज्युकेशन सोसायटी' मध्ये 'पी', 'ई' आणि 'एस' तिन्ही मोठे, कारण हे १९४५ साली स्थापन झालेल्या एका विशिष्ट संस्थेचे नाव आहे. पण वाक्याच्या मध्ये 'शिक्षण समाजाला वर नेते' असे लिहायचे झाल्यास 'एज्युकेशन' आणि 'सोसायटी' हेच दोन शब्द लहान होतील. शब्द तेच, काम निराळे.

७) पद नावाला जोडून आले तर मोठे, एकटे आले तर सर्वसाधारणपणे लहान. 'डॉक्टर आंबेडकर' मध्ये 'डी' मोठा. 'तो डॉक्टर आहे' यात लहान. नात्यांचेही तसेच. 'माय अंकल' मध्ये 'अंकल' लहान. पण 'अंकल, या ना' अशी हाक मारताना तो नावासारखा वापरला जातो, म्हणून मोठा.

८) दिशा लहान, पण दिशेवरून पडलेले नाव मोठे. दक्षिणेकडे जाणे यात 'साऊथ' लहान. साऊथ आफ्रिका या देशाच्या नावात मोठा.

पुस्तकांची नावे : बाबासाहेबांच्या ग्रंथांवरून धडा

पुस्तकाच्या नावात महत्त्वाचे शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात. 'ए', 'अॅन', 'द', 'ऑफ', 'अँड', 'टू' असे जोडणारे लहान शब्द लहानच राहतात. मात्र नावाचा पहिला शब्द कोणताही असो, तो मोठा. हा नियम पाठ करण्यापेक्षा बाबासाहेबांच्या ग्रंथांची मुखपृष्ठाच्या आतील पाने उघडून पाहावीत.

१९२३ सालचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ घ्या. या नावात 'द' दोनदा आला आहे. पहिला 'द' आरंभी आहे म्हणून त्याचा 'टी' मोठा. दुसरा मध्ये आहे म्हणून लहान. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये 'ए' आणि 'सी' मोठे, 'ऑफ' लहान. १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज?' मध्ये 'वेअर' हा शब्द छोटा दिसतो, पण ते क्रियापद आहे म्हणून मोठे, 'द' लहान. आणि महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा' मध्ये 'अँड' तेवढा लहान, बाकी चारही शब्द मोठे. या चार नावांत पुस्तकांच्या नावांचा जवळजवळ सगळा नियम येऊन जातो. छापलेल्या वेष्टनावर पूर्ण नावच मोठ्या अक्षरांत असू शकते. तेथे हा भेद दिसणार नाही, म्हणून आतील पान पाहावे.

बुद्ध, धम्म आणि संघ

आपल्या वाचनात नेहमी येणाऱ्या शब्दांबद्दल थोडे स्वतंत्रपणे सांगणे जरूर आहे. सिद्धार्थ गौतमांना उद्देशून 'द बुद्धा' म्हटले की 'बी' मोठा, कारण ती एका व्यक्तीची ओळख आहे. 'बोधी प्राप्त झालेले अनेक बुद्ध' अशा अनेकवचनी अर्थी पुष्कळ ग्रंथकार लहान 'बी' वापरतात. भगवंतांची शिकवण या अर्थी 'धम्म' मोठ्या 'डी'ने लिहितात. पण अभिधम्मात मनाच्या आणि वस्तूंच्या धर्मांना अनेकवचनात 'धम्मा' म्हटले आहे, तेथे लहान 'डी' आढळतो. भिक्खूंचेही तसेच. १९५६ साली नागपूरला दीक्षा देणाऱ्या भिक्खू चंद्रमणी यांचे नाव लिहिताना 'भिक्खू' चा 'बी' मोठा. 'विहारात एक भिक्खू आले' असे लिहिताना लहान. मूळ पाली भाषेला स्वतःची एक लिपी नाही. ती नागरी, सिंहली, ब्रह्मी अशा लिप्यांत लिहिली गेली आणि त्यांत हा भेद नाही. रोमन लिपीत पाली छापताना संपादकांनी नावांसाठी मोठी अक्षरे वापरली. म्हणून एकाच सुत्ताच्या दोन आवृत्त्यांत फरक दिसला तर गोंधळून जाऊ नये.

संविधानातील मोठी अक्षरे

कायद्याच्या इंग्रजीत मोठ्या अक्षराला आणखी एक काम असते. ज्या शब्दाची व्याख्या कायद्याने ठरवून दिली आहे, तो शब्द मोठ्या अक्षराने लिहून कायदा सांगतो की, हा शब्द बोलीतल्या अर्थाने घेऊ नका, ठरवलेल्या अर्थाने घ्या. संविधानात 'शेड्यूल्ड कास्ट्स' मधील 'एस' आणि 'सी' मोठे आहेत. कोणत्या जाती त्यात येतात हे कलम ३४१ प्रमाणे ठरते आणि व्याख्या कलम ३६६ मध्ये दिली आहे. कलम १२ मधील 'स्टेट' ही तसाच. मूलभूत हक्कांच्या भागात त्या एका शब्दात केंद्र, राज्ये, विधिमंडळे आणि स्थानिक संस्थाही येतात. नगरपालिका तुमचा हक्क डावलत असेल तर त्या मोठ्या 'एस'च्या आत ती येते, हे ठाऊक असलेले बरे.

उद्देशिकेत तर न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे चार इंग्रजी शब्द पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्या लिपीत आहेत. संविधानातील ही चार मोठी आश्वासने डोळ्यांत भरावीत अशी ती मांडणी आहे.

आणि कलम १७ पाहा. अस्पृश्यता नष्ट करणारे हे कलम. 'अनटचेबिलिटी' हा शब्द त्यात दोनदा येतो, दोन्ही वेळा अवतरणचिन्हात आणि मोठ्या 'यू'ने. दुसऱ्यांदा तो वाक्याच्या मध्ये आहे, तरीही. म्हणजे येथे हा शब्द 'शिवू नये' एवढ्या साध्या अर्थाचा उरलेला नाही. ए. आय. आर.च्या १९५८ च्या खंडात छापलेल्या एका निकालात म्हैसूर उच्च न्यायालयाने त्या अवतरणचिन्हांकडेच लक्ष वेधले. आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने कोणास तात्पुरते दूर ठेवणे हा येथे विषय नाही. या देशात इतिहासक्रमाने जी प्रथा वाढली ती येथे अभिप्रेत आहे, असा त्याचा आशय होता. अक्षर आणि चिन्ह यांत केवढा अर्थ भरलेला असतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

एका अक्षरासाठी दिलेला लढा

येथे एखादा विद्यार्थी विचारील की, मोठे अक्षर आदराचे चिन्ह नाही असे तुम्ही म्हणता, मग 'दलित' हा शब्द मोठ्या 'डी'ने लिहा असा आग्रह का धरतात? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात मिळते.

अमेरिकेतील काळ्या लोकांना त्या काळी 'नीग्रो' म्हणत आणि वर्तमानपत्रे हा शब्द लहान 'एन'ने छापीत. आयरिश, इटालियन, जर्मन हे सर्व मोठ्या अक्षराने, आणि हा एकच समाज लहान अक्षराने. म्हणजे इतर सारे लोकसमूह, आणि हे मात्र जणू वस्तूंचा एक प्रकार. काळ्या समाजातील थोर विद्वान डॉ. डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी १८९९ साली फिलाडेल्फियातील काळ्या लोकांवरील आपल्या ग्रंथात हा शब्द मोठ्या 'एन'ने लिहिला आणि तसे का केले हेही तेथे नोंदवले. पुढे अनेक वर्षे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपादकांकडे मागणी लावून धरली. अखेर मार्च १९३० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मोठा 'एन' स्वीकारला. कालांतराने तो शब्दच मागे पडला आणि 'ब्लॅक' हा शब्द आला. पुन्हा लहान 'बी'ने. २०२० साली मिनियापोलिस येथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉईड यांचा मृत्यू झाला आणि देशभर निदर्शने झाली. त्यानंतर त्याच वर्षी 'असोसिएटेड प्रेस' आणि 'न्यूयॉर्क टाइम्स' यांनी माणसांच्या संदर्भात मोठा 'बी' लिहिण्याचा निर्णय घेतला. रंगाचा 'ब्लॅक' मात्र लहानच राहिला.

या डु बॉईस यांच्याशी आपले नाते आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून, काळ्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या आणि डु बॉईस यांनी त्यांना उत्तरही पाठवले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या लोकांनी आदराची भीक मागितली नाही. जो नियम साऱ्या लोकसमूहांना लागू आहे तोच आम्हाला लावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. 'दलित' चा मूळ अर्थ 'पिचलेला'. या अर्थाने तो कोणालाही लावता येईल. पण जेव्हा तो एका समाजाने स्वतःची ओळख म्हणून स्वीकारला, तेव्हा ते नाव झाले, आणि नावाला मोठे अक्षर हे आपले पहिलेच सूत्र आहे. काही ठिकाणी तो अजून लहान 'डी'ने छापलेला आढळतो. आमच्या विद्यार्थ्यांनी तो मोठ्या 'डी'ने लिहावा, आणि कोणी विचारल्यास कारण सांगता यावे.

अर्ज लिहिताना

अर्जाच्या आरंभी 'रिस्पेक्टेड सर' मध्ये 'आर' आणि 'एस' दोन्ही मोठे. शेवटी 'युवर्स फेथफुली' मध्ये फक्त 'वाय' मोठा, 'एफ' लहान. येथे दहांपैकी सात-आठ जण चुकतात. फॉर्मवर 'ब्लॉक लेटर्स' किंवा 'कॅपिटल लेटर्स' मध्ये लिहा असे छापले असेल तर सर्व अक्षरे मोठी काढावीत, तेथे वरील नियम लागू नाहीत. संगणकावर किंवा मोबाईलवर अर्ज भरताना पासवर्डमधील मोठे आणि लहान अक्षर निराळे धरले जाते; पासवर्ड चुकतो असे दिसले तर आधी 'कॅप्स लॉक' पाहावे. महत्त्वाचा वाटतो म्हणून मधलाच शब्द मोठ्या अक्षराने सुरू करण्याचा मोह टाळावा. 'पुअर', 'एज्युकेशन', 'जॉब' हे शब्द अर्जात उगाच मोठे केलेले आम्हाला वारंवार आढळतात.

सराव

पुढील वाक्यांचे इंग्रजी करा आणि कोणती अक्षरे मोठी येतील ते ठरवा. उत्तरे आधी पाहू नयेत.

१) मी सोमवारी नागपूरला जाणार आहे.
२) माझे काका पाली आणि गणित शिकवतात.
३) आमच्या संस्थेचे अध्यक्ष उन्हाळ्यात पुण्याला गेले.
४) पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. हे कॉलेज मला आवडते.

उत्तरे : पहिल्या वाक्यात 'आय', 'मंडे' आणि 'नागपूर' मोठे. दुसऱ्यात आरंभीचा 'माय' आणि 'पाली' मोठे. 'अंकल' आणि 'मॅथेमॅटिक्स' लहान. तिसऱ्यात आरंभीचा 'द' आणि 'पुणे' मोठे. 'प्रेसिडेंट', 'सोसायटी', 'समर' लहान. चौथ्यात संस्थेच्या नावातील तिन्ही शब्द, 'मुंबई', 'सिद्धार्थ' आणि 'कॉलेज' मोठे. पुढच्या वाक्याचा आरंभ मोठा आणि 'आय' हा शब्द कोठेही आला तरी मोठाच, पण तेथील 'कॉलेज' लहान. हा शेवटचा भेद ज्याला कळला, त्याला हा धडा कळला.

शेवटी सभासदांना एक विनंती. आपल्या घरी किंवा शेजारी कोणी मूल इंग्रजी अर्ज लिहीत असेल तर तो पाठवण्यापूर्वी एकदा वाचावा. चूक दिसली तर हसू नये. शेजारी बसवून कारणासह सांगावी. मुलाने स्वतःसाठी लहान 'आय' काढला असेल, तर सर्वांत आधी तो मोठा करायला शिकवावे.